शनिवारची हवा

दर शनिवारी, आरब्रोथच्या बंदरावरून
मासळीचा धूर आमच्या गल्लीपर्यंत चढला की
मी ती बोटभर पितळी चावी घेते
आणि मागच्या खोलीत जाऊन
रेडिएटरचा कान पिरगाळते.

तो फुसफुसतो.
डोकं गार, पाय ऊन,
तापातल्या पोराच्या अगदी उलट.
फडकं धरून मी मोजत राहते,
एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस,
मग काळ्या पाण्याची एक थुंकी
आणि गप्प.
कॅलेंडरवर, दंतवैद्याच्या तारखेखाली
लिहून ठेवते: ४१.
ऑक्टोबरात अठरा होते.

मर्डो म्हणतो, ती हवा नाहीच.
बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनघरात काढलेला माणूस,
त्याच्यापुढे बॉयलरविषयी बोलायचं म्हणजे
पाद्र्याला प्रार्थना शिकवायची.
लोखंड आतून कुजतं, त्याचा वायू आहे हा,
थांब, पेटवून दाखवतो.
त्याने काडी ओढली.
मी पडदा बाजूला धरून उभी.
काडी विझली.
दुसरी विझली.
तिसरीही.
"काड्या सर्दल्यात," तो म्हणाला.

मग सांध्यासांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून
रात्रभर थेंबाची वाट पाहिली.
कागद कोरडे.
शेवटी रेडिएटरच बदलला,
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि तिसऱ्या शनिवारी
नवा कोरा, पांढराशुभ्र रेडिएटर
अडतीस सेकंद फुसफुसला.

फोन मी केला. त्याला न विचारता.

कर्स्टीन आली, केसांत पेन्सिल खोचलेली,
आमच्या पुतणीहून लहान.
मर्डो शिडीला धरून उभा, सूचना देत.
तिने आधी मला विचारलं,
"कधीपासून? किती?"
मी कॅलेंडर काढून दिलं.
डॉक्टर जुने कागद वाचतात
तसं तिने ते उभ्याउभ्या वाचलं.
इतक्या महिन्यांत
ते आकडे कुणी पाहिले नव्हते.

मग म्हणाली, "एखादं चुंबक आहे?"
फ्रिजवरचा पफिन दिला,
ऑर्कनीहून आणलेला, एक पंख तुटका.
कपाटातल्या तांब्याच्या नळीवरून
ती त्याला हळूहळू फिरवत गेली.
तांब्याला चुंबक चिकटत नाही,
एवढं शाळेतलं मलाही ठाऊक.
पंपाच्या वीतभर अलीकडे
तिने हात सोडला
आणि पफिन तिथेच बसून राहिला.

"आत गंज साचलाय," ती म्हणाली.
"माळ्यावरच्या टाकीतून पाणी येतं ते इथून.
ही वाट बुजली.
पंपाला तहान लागते, तो ओढतो,
पाणी मिळालं नाही की
दुसऱ्या उघड्या नळीतून हवा ओढतो.
तुमचं घर गळत नाही कुठे.
तुमचं घर हवा पितंय."

मर्डो काही बोलला नाही.
तो सांधा त्याचाच होता,
एक्याण्णवच्या हिवाळ्यातला,
झाळलेली कड अजून सुबक.

तिने करवतीने बोटभर नळी कापली.
आत काळं, घट्ट,
मधोमध स्वेटरची सुई जाईल एवढंच भोक.
जुनं पाणी बाहेर पडलं तेव्हा
मागच्या अंगणातली फरशी शाईसारखी झाली,
अजून एक डाग गेलेला नाही.

नळीचा तो तुकडा त्याने मागून घेतला.
दोन दिवस कुणाशी बोलला नाही,
फक्त बाहेरचं तांबं घासत बसला
लखलखेपर्यंत.
आता तो खिडकीत आहे,
वायुभारमापकाच्या शेजारी.
आतल्या काळ्याला त्याने हात लावला नाही.

काल शनिवार.
सवयीने चावी घेतली, कान पिरगाळला,
आणि श्वासही न घेता
गरम पाण्याची पिचकारी
थेट माझ्या बऱ्या स्वेटरवर.

"किती?"
जिन्याखालून मर्डो ओरडला.
इतक्या शनिवारांत पहिल्यांदा.

मी बाही पिळली,
चावी खिशात टाकली,
आणि त्याला जरा वाट पाहू दिली.